मॅट जितकी जाड, तितकी ऊब?

दादरला कसारा लोकलची वाट बघणाऱ्या कुठल्याही ट्रेक ग्रुपमध्ये हे ऐकू येतं: "झोपायला जाड मॅट घे, थंडी वाजणार नाही." मीही ऐकलं. डिसेंबरात हरिश्चंद्रगडावर चार इंच फुगणारी हवेची गादी नेली. पहाटे तीनला पाठ बर्फ! शेजारचा मित्र अर्ध्या इंचाच्या फोमवर खुशाल घोरत होता.

जाडीचा उपयोग कंबरेला आणि खांद्याला, विशेषतः कुशीवर झोपणाऱ्यांना. ऊब वेगळी गोष्ट. साध्या हवेच्या गादीत हवा मोकळी असते. कूस बदलली की ती इकडून तिकडे सरकते आणि अंगाची ऊब थंड जमिनीकडे नेते. फोमच्या बारीक बंद कप्प्यांत तीच हवा अडकून पडते. स्लीपिंग बॅगचा भरवसाही धरू नका, अंगाखाली ती दबून चपटी होते.

म्हणून बघायचा तो आर-व्हॅल्यूचा आकडा, म्हणजे मॅट अंगाची ऊब जमिनीकडे जाण्यापासून किती अडवते त्याचं माप; जितका मोठा, तितकी ऊब. तो मोजण्याची एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेची समान पद्धत 2018 मध्ये आली. सह्याद्रीतल्या हिवाळ्याला साधारण 2 पुरतो, हिमालयातल्या बर्फावर 4-5 तरी हवा. दोन मॅट एकावर एक टाकल्या की आकड्यांची बेरीज होते, त्यामुळे जुनी फोम मॅट माळ्यावर टाकू नका.

मे महिन्यात अलिबागच्या किनाऱ्यावर? तिथे आकडा विसरा. दुकानातच कुशीवर आडवं होऊन बघा, कंबर जमिनीला टेकली नाही की झालं.