घरगुती हिशेबाच्या संगणकीय नोंदींचा बॅकअप

घरचा जमाखर्च, बँक खाती, मुदतठेवी, कर्जे, विमा आणि गुंतवणूक यांच्या संगणकावर किंवा मोबाइलवर ठेवलेल्या नोंदी नष्ट झाल्या किंवा बिघडल्या, तर ज्या स्वतंत्र प्रतीवरून हिशेब पूर्ववत उभा करता येतो, तिला या नोंदींचा बॅकअप म्हणतात. ती प्रत अद्ययावत असणे, मूळ नोंदींवर आलेल्या संकटापासून दूर असणे आणि तिच्यावरून नोंदी परत मिळतात हे प्रत्यक्ष पाहिलेले असणे, या तीन अटी पूर्ण झाल्या तरच बॅकअप विश्वासार्ह ठरतो. यांपैकी तिसरी अट सर्वांत महत्त्वाची असून तिच्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते.

नाशिक परिसरात असे हिशेब ठेवणाऱ्यांत सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींतील नोकरदार, निवृत्तिवेतनधारक, छोटे व्यावसायिक आणि दिंडोरी-निफाडकडील द्राक्ष बागायतदार असे नाना प्रकारचे लोक आढळतात. बँकेचा खातेउतारा केव्हाही पुन्हा काढता येतो, त्यामुळे नोंदी गेल्या तरी फारसे बिघडत नाही, असा समज सर्रास दिसतो. तो चुकीचा आहे. एप्रिलमधील द्राक्षवेलींच्या खरड छाटणीची रोख मजुरी, भावाला दिलेली हातउसनी रक्कम, घराच्या दुरुस्तीचा टप्प्याटप्प्याने झालेला खर्च किंवा कोणता खर्च शेतीचा आणि कोणता घरचा ही विभागणी बँकेकडे नसते. ३१ जानेवारी २०१८ किंवा त्यापूर्वी घेतलेले सूचिबद्ध शेअर विकताना दीर्घकालीन भांडवली नफा काढण्यासाठी त्या दिवसाच्या भावाबरोबरच मूळ खरेदीची किंमतही लागते, आणि जुन्या खरेदीचा तपशील अनेकदा फक्त घरच्या हिशेबातच उरलेला असतो.

बॅकअपमध्ये काय घ्यावयाचे, हे सॉफ्टवेअरच्या रचनेवर अवलंबून असते. ग्नूकॅश या हिशेबाच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये सर्व व्यवहार एका फाइलमध्ये असतात. मात्र वापरकर्त्याने जतन केलेले अहवाल आणि सॉफ्टवेअरच्या पसंती संगणकावरील वेगळ्या फोल्डरमध्ये राहतात, तर व्यवहाराला जोडलेल्या पावत्यांचा फक्त पत्ता मुख्य फाइलमध्ये नोंदला जातो. त्यामुळे फक्त हिशेबाची फाइल उचलून ठेवली, तर आकडे परत मिळतात, पण पावत्या हाती लागत नाहीत. मोबाइलवरील अॅपचा साठा बहुधा त्याच्या अंतर्गत जागेत असतो आणि अॅप काढून टाकले की तोही जातो. अँड्रॉइडच्या स्वयंचलित बॅकअपला प्रत्येक अॅपमागे २५ मेगाबाइटची मर्यादा असून तो चालू ठेवायचा की नाही हे अॅप बनवणारा ठरवतो. म्हणून मोबाइलवर हिशेब ठेवणाऱ्याने अॅपमधील निर्यातीची सोय वापरून फाइल नियमितपणे बाहेर काढणे आवश्यक आहे.

अनेक सॉफ्टवेअर स्वतःहून प्रती तयार करतात. ग्नूकॅशची फाइल एक्सएमएल या फाइलप्रकारात असेल, तर ती जतन करताना आधीची प्रत मूळ नावापुढे वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट आणि सेकंद असे १४ अंक जोडून बाजूला ठेवली जाते, आणि मूळ मांडणीनुसार अशा प्रती ३० दिवसांनंतर काढून टाकल्या जातात. चुकून खोडलेला व्यवहार शोधण्यासाठी ही सोय उत्तम आहे. परंतु या प्रती मूळ फाइलच्या शेजारीच, त्याच फोल्डरमध्ये असतात. हार्डडिस्क निकामी झाली किंवा लॅपटॉप चोरीला गेला, तर मूळ फाइल आणि तिच्या सर्व प्रती एकदमच जातात. तोच हिशेब एसक्यूलाइट या डेटाबेस प्रकारात ठेवला असल्यास प्रत्येक बदल थेट नोंदला जातो आणि अशा बाजूच्या प्रती तयार होत नाहीत. एसक्यूलाइटवर चालणाऱ्या कोणत्याही सॉफ्टवेअरची फाइल ते चालू असताना कॉपी केल्यास अर्धवट लिहिलेली प्रत हाती येण्याचा धोका असतो, कारण काही पद्धतींत ताजे बदल शेजारच्या वेगळ्या फाइलमध्ये असतात आणि ते नंतर मुख्य फाइलमध्ये मिसळले जातात. सॉफ्टवेअर बंद करून मगच कॉपी करणे, हा सामान्य वापरकर्त्यासाठी सर्वांत सोपा आणि सुरक्षित मार्ग होय.

गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्समध्ये फोल्डर जुळवून (सिंक करून) ठेवणे म्हणजेच बॅकअप, असे पुष्कळांना वाटते. जुळवणीचे काम दोन्हीकडची स्थिती एकसारखी ठेवणे हे आहे. त्यामुळे घरच्या संगणकावर फाइल पुसली गेली, बिघडली किंवा खंडणीखोर व्हायरसने कुलूपबंद केली, तर तोच बदल काही मिनिटांत इंटरनेटवरील प्रतीलाही लागू होतो. २०१७ च्या मे महिन्यात जगभर पसरलेल्या वॉनाक्राय व्हायरसने अशा कुलूपबंदीची व्याप्ती दाखवून दिली. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत फाइल ३० दिवस राहते, पण वर्षाअखेरीसच हिशेब उघडणाऱ्याला चूक कळेपर्यंत ती मुदत उलटून गेलेली असते. जुन्या आवृत्त्या दीर्घकाळ जपणारी व्यवस्था स्वतंत्रपणेच करावी लागते.

यासाठी जगभर मान्य झालेला ठोकताळा ३-२-१ या अंकांनी ओळखला जातो. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी तो लोकप्रिय केला. मूळ धरून एकूण तीन प्रती, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक घराबाहेर, असा त्याचा आशय आहे. घराबाहेर म्हणजे कोठे, हा प्रश्न नाशिकमध्ये गोदावरीशी निगडित आहे. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की गोदापात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागले यावरून शहर पुराचा अंदाज घेते, आणि २०१६ व २०१९ च्या पुरांत गोदाकाठच्या बाजारपेठेतील दुकानांत पाणी शिरले होते. पंचवटीतील तळमजल्यावर राहणाऱ्या कुटुंबाने एक डिस्क कपाटात आणि दुसरी सराफ बाजारातील दुकानात ठेवली, तर दोन्ही एकाच पाण्याच्या वाटेत राहतात. ती खाली सायखेडा-चांदोरीकडील नातेवाइकांकडे ठेवली, तरी नदी तीच. इंदिरानगर किंवा पाथर्डी फाट्याकडील एखाद्या घरी, अथवा इंटरनेटवर, ठेवलेली तिसरी प्रत अधिक उपयोगी पडते. पावसाळ्यात वीज वारंवार ये-जा करते, हेही लक्षात घ्यावे लागते. त्यामुळे बाहेरची हार्डडिस्क काम झाल्यावर काढून ठेवणे इष्ट. सतत जोडलेली डिस्क विजेच्या झटक्यालाही आणि व्हायरसलाही सारखीच उघडी असते. पेनड्राइव्ह वर्षानुवर्षे न वापरता पडून राहिल्यास त्यातील नोंदी क्षीण होऊ शकतात, म्हणून एकमेव दीर्घकालीन प्रत त्यावर ठेवू नये.

घराबाहेर जाणारी प्रत कूटबद्ध, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता न येणारी, असलीच पाहिजे, कारण तिच्यात खाते क्रमांकांपासून कर्जापर्यंत सर्व काही असते. सेव्हन-झिपसारख्या साधनाने २५६-बिट एईएस या कूटबद्धीकरणाच्या पद्धतीने पासवर्ड लावता येतो. पासवर्ड विसरल्यास ती प्रत कायमची निरुपयोगी होते. तो लिहून बंद पाकिटात, डिस्कपासून वेगळ्या जागी ठेवावा आणि घरातील आणखी एका जाणत्या व्यक्तीला ती जागा माहीत असावी.

परत मिळवण्याची चाचणी दुसऱ्या संगणकावर घ्यावी. त्यावर तेच सॉफ्टवेअर नव्याने बसवून बाहेरची प्रत तिथे उघडावी, मूळ संगणकाला हात लावू नये. फाइल उघडली एवढ्यावर समाधान मानू नये. ३१ मार्चची प्रत्येक खात्याची शिल्लक पासबुकाशी ताडून पाहावी, सर्वांत जुना आणि सर्वांत नवा व्यवहार दिसतो का ते बघावे, एखादी जोडलेली पावती उघडून पाहावी आणि ताळेबंद जुळतो याची खात्री करून घ्यावी. या पाहणीत बहुतेकदा पावत्यांचे फोल्डर सुटल्याचे, किंवा जुन्या फाइलसाठी सॉफ्टवेअरची ठरावीक आवृत्ती लागत असल्याचे उघड होते, आणि दुरुस्तीला त्या वेळी अवधीही असतो. जागतिक बॅकअप दिन ३१ मार्चलाच असतो आणि भारताचे आर्थिक वर्षही त्याच दिवशी संपते. वर्षाची अखेरची प्रत वेगळी, कधीही न बदलता जपण्यासाठी ही तारीख सोयीची आहे.

कंपन्यांसाठी हा विषय ऐच्छिक राहिलेला नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये कंपनी (लेखे) नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील लेखापुस्तकांचा बॅकअप भारतात असलेल्या सर्व्हरवर रोज ठेवावा लागतो. व्यक्तीच्या घरगुती हिशेबाला हे बंधन नाही.

सॉफ्टवेअरच बंद पडण्याची शक्यताही धरावी लागते. मायक्रोसॉफ्ट मनी हे घरगुती हिशेबाचे सॉफ्टवेअर २००९ मध्ये विक्रीतून काढून घेतले गेले, तर अमेरिकेतील मिंट ही हिशेबाची सेवा २०२४ मध्ये बंद झाली. म्हणून सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या फाइलबरोबरच सर्व व्यवहारांची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकुराची) यादी आणि वर्षाअखेरचे अहवाल पीडीएफमध्ये काढून त्याच डिस्कवर ठेवतात. सीएसव्ही फाइल कोणत्याही स्प्रेडशीटमध्ये उघडते.