शर्ट

शर्ट (पु.) : कॉलर, बाह्या व पुढे बटणपट्टी असलेले, कमरेच्या वरच्या भागावर घालायचे शिवलेले वस्त्र. इंग्रजीतून मराठीत आलेला शब्द. हिंदीत तो स्त्रीलिंगी असल्यामुळे इंदूरच्या मराठी घरातला ‘नवा शर्ट’ बाजारात ‘नई शर्ट’ होतो.

व्युत्पत्ती : जुन्या इंग्रजीत ‘श्युर्टे’ हे रूप तुरळक आढळते; अंगालगतच्या कपड्यासाठी त्या काळी ‘सर्क’ हा शब्द अधिक चालत असावा. ‘शर्ट’ आणि ‘शॉर्ट’ (आखूड) हे दोन्ही ‘स्केर्’ (कापणे) या इंडो-युरोपीय धातूकडे नेले जातात. संस्कृत ‘कृत्’ (कृन्तति), त्यावरून ‘कर्तरी’ आणि मराठी ‘कात्री’ हे याच धातूच्या विस्तारातले मानतात. तसे पाहता शर्ट आणि तो बेतणारी कात्री ही दूरची भावंडे ठरतात. सूत कातण्याचा ‘कृत्’ धातू वेगळा; दोन्हींची गल्लत करू नये. नावामागचा अर्थ काही जण ‘कापलेला तुकडा’ असा लावतात, काही ‘आखूड वस्त्र’ असा. ‘शॉर्ट’शी असलेले जवळचे नाते पाहता दुसरा अर्थ अधिक पटतो.

‘स्कर्ट’ हा त्याच शब्दाचा स्कँडिनेव्हियन अवतार. मूळचा ‘स्क’ इंग्रजीत ‘श’ झाला, उत्तरेकडे टिकला. ‘शिप’ व ‘स्किपर’ ही अशीच जोडी आहे, फक्त ‘स्किपर’ डचमधून आला. अडचण अर्थाची आहे. आइसलँडिकमध्ये ‘स्किर्ता’ म्हणजे आजही शर्टच, तर इंग्रजीत तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमारास ‘स्कर्ट’ कमरेखालच्या घेराला लागला. लांब अंगरख्याच्या खालच्या भागापुरता शब्द आक्रसला, हे स्पष्टीकरण सर्वसाधारणपणे स्वीकारले जाते. डच ‘स्खोर्ट’ व जर्मन ‘श्युर्त्से’ या नातलग शब्दांचा अर्थ ‘कमरेला बांधायचे एप्रन’ असा असल्याने त्याला बळ मिळते.

मराठी नावे : ‘सदरा’ हा अरबी ‘सद्र’ (छाती) यावरून आला असे मानतात. ‘खमीस’चा माग अधिक गुंतागुंतीचा आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस संत जेरोमच्या लॅटिन पत्रात ‘कामिसिया’ हे सैनिकांच्या लिननच्या कपड्याचे नाव येते. अरबी ‘कमीस’ बहुधा तिथूनच आला. मराठीत तो पोर्तुगीज ‘कामीझा’वरून आला असेही सुचवले जाते, पण शेवटचा ‘स’ अरबीशी जुळतो आणि सुरुवातीचा ‘ख’ दखनीकडे, म्हणजे दख्खनच्या उर्दूकडे, बोट दाखवतो. दखनीत अरबी ‘क़’चा ‘ख’ होतो. मराठीतला ‘वखत’ही तसाच. ‘बुशशर्ट’ हा पँटीबाहेर सोडायचा, ‘टी-शर्ट’ला नाव आकारावरून.

बेतणी : इंदूरला कापडाची परंपरा जुनी, होळकर संस्थानाची स्टेट मिल 1866च्या सुमाराची. महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटमध्ये ठोक कापड मिळते. 58 इंच पन्ह्याचे 1.60 मीटर कापड मध्यम अंगाच्या पूर्ण बाहीच्या शर्टाला पुरते. 36 इंच पन्हा असल्यास साधारण 2.50 मीटर लागते. सुती कापड बेतण्याआधी भिजवून वाळवावे. 3 टक्के आटले तरी 40 सेंटिमीटरची कॉलर 1.2 सेंटिमीटरने कमी होते, आणि वरचे बटण लागत नाही.

छातीच्या मापात सुमारे 4 इंच ढिलाई धरतात : 40 इंच छातीला शर्ट 44 इंच. पुढचे दोन भाग, पाठ व बाह्या उभ्या धाग्यावर कापतात. खांद्यावरची पट्टी, म्हणजे योक, बहुतेक आडव्या धाग्यावर. बाहीची गोलाई मुंढ्यापेक्षा, म्हणजे बाही जोडायच्या खाचेपेक्षा, किंचितच मोठी हवी. जास्त झाली तर खांद्याशी चुण्या पडतात, कमी झाली तर हात वर करताच शर्ट वर ओढला जातो.

सर्वांत जास्त बिघडते ती कॉलर. आतले बकरम (कॉलर ताठ ठेवणारे कापड) न आटवता चिकटवले, तर पहिल्या धुण्यात ते आटते, वरचे कापड आटत नाही आणि पानावर फुगवटे येतात; इस्त्रीने ते बसत नाहीत. टोके उलटवण्यापूर्वी कोपऱ्यातली जादा शिवण टाक्यापासून 2 मिलिमीटरवर छाटावी. जाड राहिली तर टोक बोथट होते, टाक्याला लागून छाटली तर उलटवताना उसवते.