कोणती ब्रांच, हा प्रश्न खान्देशात आला कधी

जून-जुलै आला की आमच्याकडे लग्नात, दहाव्याला, एसटी स्टँडवर, कुठं पण इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनचा एकच विषय, "कोणती ब्रांच लिधी रे भो?" आता विचारणाऱ्याला त्या ब्रांचमध्ये काय शिकवतात ते माहीत असतंच असं नाही, पण विचारायचं. गंमत म्हणजे हा प्रश्न फार जुना नाहीये. आमच्या वडिलांच्या वेळेला ब्रांच कोणी विचारतच नव्हतं, तेव्हा प्रश्न होता की इंजिनिअरिंगला जायचं कुठं आणि घरचे पाठवतील का.

१९४५ ला अमळनेरचं प्रताप कॉलेज आणि जळगावचं एम. जे. कॉलेज सुरू झालं, म्हणजे बीए-बीएस्सीची सोय झाली. इंजिनिअर व्हायचं तर पुण्याचं सीओईपी नाहीतर मुंबईचं व्हीजेटीआय, अशी मोजकीच कॉलेजं, जागा थोड्या, आणि तेवढे मार्क पाडणारं पोरगं तालुक्यात एखादं. बाकीच्यांनी आयटीआय करायचं, फिटर-टर्नर-वायरमन, आणि भुसावळला रेल्वेत नाहीतर वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत चिकटायचं. डोकं जरा बरं असलं तर डिप्लोमा, मग पाटबंधारे नाहीतर एमएसईबी. आमच्याकडची जुनी माणसं अजूनही सिव्हिल म्हटलं की मान डोलावतात ते त्यामुळेच, त्यांच्या डोक्यात इंजिनिअर म्हणजे धरणावर जीपमधून येणारा साहेब.

खरा बदल १९८३ चा. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री होते, त्यांनी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली, आणि त्या लाटेत जळगावजवळ बांभोरीला, तिकडे फैजपूरला कॉलेज निघालं. फैजपूर म्हणजे तेच, जिथे १९३६ ला काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं होतं. केळीवाल्या घरात पैसा होता, कॉलेज दाराशी आलं, मग डोनेशन सुरू झालं, इतकं की १९८७ ला सरकारला कॅपिटेशन फी बंद करायचा कायदाच करावा लागला. (कायद्याने डोनेशन बंद झालं का, तर ते तुम्हीच आठवून बघा.) १९९३ ला सुप्रीम कोर्टाच्या उन्नीकृष्णन निकालाने फ्री सीट (मार्कांवर, कमी फीत) आणि पेमेंट सीट (जास्त फी भरून) असे दोन भाग झाले, आणि मग घरात ब्रांचचा हिशोब सुरू झाला, कारण फ्रीमध्ये सिव्हिल मिळत असेल आणि पेमेंटमध्ये कॉम्प्युटर, तर बापाने काय करायचं?

मधल्या काळात १९९० ला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं. २०१८ ला त्याला बहिणाबाईंचं नाव दिलं, ते छानच झालं. त्याआधी आम्ही पुणे विद्यापीठात होतो. आपलं विद्यापीठ झालं ही चांगलीच गोष्ट, पण पुढे प्रवेशात होम युनिव्हर्सिटीला, म्हणजे कॉलेज ज्या विद्यापीठाचं त्याच भागातल्या पोरांना, ७० टक्के जागा हा नियम असल्यामुळे पुण्यातल्या कॉलेजांसाठी आमची पोरं बाहेरची ठरली. १९९६ ला जळगावला सरकारी कॉलेज आलं, २००१ ला शिरपूरला आर. सी. पटेल, म्हणजे घराजवळ सीट मिळायला लागली. नोकरी मात्र पुण्याच्या हिंजवडीलाच, आयटी पार्कात, महाराष्ट्र एक्सप्रेस पकडून. आता ज्या विप्रोत लागावं म्हणून हे सगळं चाललं होतं ती कंपनी १९४५ ला आमच्याच अमळनेरला तेल-तुपाची म्हणून सुरू झालेली, हे पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही.

आणि इंजिनिअरिंग सोडून दुसरा रस्ता म्हणजे तेव्हा डीएड, प्राथमिक शिक्षकाचा डिप्लोमा. माझ्या मावसभावाला बारावीला माझ्याएवढेच मार्क, मी मेकॅनिकलला गेलो, तो डीएडला, आणि मी शेवटच्या वर्षाचे बॅकलॉग काढत होतो तेव्हा तो झेडपीत ३००० रुपयांवर शिक्षणसेवक होऊन घरी पेढे वाटत होता. लग्न पण त्याचंच आधी जमलं. ते बघून त्याच्या धाकट्या भावाने पण डीएडच केलं, आणि २०१२ मध्ये शिक्षक भरती थांबली. नंतर टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा आली, भरतीचं ऑनलाइन पवित्र पोर्टल आलं, त्याचं वय वाढत गेलं.

तिकडे इंजिनिअरिंगचे नियमही जागेवर राहिले नाहीत. आधी बारावीचे पीसीएमचे (फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स) मार्क, मग राज्याची सीईटी, मग २०१४ आणि २०१५ अशी दोनच वर्षं देशपातळीवरची जेईई मेन, २०१६ पासून परत सीईटी. त्या दोन वर्षांत गावाकडच्या मराठी मीडियमच्या पोरांचं जे झालं त्यावर वेगळंच लिहावं लागेल. २०२४ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींची फी सरकार भरतं, त्यामुळे आमच्या गल्लीत पहिल्यांदाच पोरीच्या ब्रांचवर चर्चा ऐकली. त्याच वर्षापासून एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, एका ब्रांचला किती जागा ही मर्यादा काढली, मग मोठ्या शहरातल्या कॉलेजांनी कॉम्प्युटरच्या जागा वाढवल्या आणि इकडे मेकॅनिकल-सिव्हिलचे वर्ग अजून मोकळे.

तो धाकटा मावसभाऊ आता सायबर कॅफे चालवतो. जुलैत कॅप राउंडचे, म्हणजे सरकारी ऑनलाइन प्रवेशफेरीचे, ऑप्शन फॉर्म भरायला त्याच्याकडे रात्री अकरापर्यंत लाईन असते. पोरगं मोबाईलमध्ये असतं, बाप स्टूलवर, आणि हा विचारतो, काका, वर काय टाकू, एआय-डीएस (आर्टिफिशियल इंटेलिजन्स-डेटा सायन्स) का कॉम्प्युटर? बाप म्हणतो, तुमी शिकेल माणूस, तुमीच टाका.