'इनसाइटफुल'मागचे कोहलर आणि सुलतान

लेख आवडला की 'व्हेरी इनसाइटफुल' लिहून मोकळं व्हायची आपल्याला सवय झाली आहे. २०१९ मध्ये लिंक्डइनने 'लाइक'च्या जोडीला पिवळ्या दिव्याचं 'इनसाइटफुल' बटण दिलं आणि हे विशेषण आणखी स्वस्त झालं. नुसत्या माहितीपूर्ण मजकुरालाही ते चिकटवलं जातं, याचं मला वाईट वाटतं. कारण या शब्दामागे फार सुंदर इतिहास आहे.

'इनसाइट' हे नाम इंग्रजीत १२०० च्या सुमारासपासून सापडतं. मनाच्या डोळ्यांनी पाहणं, हा त्याचा अर्थ. विशेषण मात्र बरंच उशिरा, एकोणिसावं शतक सरता सरता छापील मजकुरात दिसू लागलं. त्याला वजन आलं ते मानसशास्त्रामुळे.

वोल्फगांग कोहलर हा तरुण जर्मन मानसशास्त्रज्ञ १९१३ च्या अखेरीस कॅनरी बेटांपैकी टेनेरिफला गेला. पुढे महायुद्ध पेटलं आणि त्याचा मुक्काम १९२० पर्यंत लांबला. तिथे त्याने चिंपांझींवर प्रयोग केले. त्यांतला सुलतान सर्वांत प्रसिद्ध. पिंजऱ्याबाहेर केळं, आत बांबूच्या दोन काठ्या, पण एकीचीही लांबी पुरेना. तासाभराहून जास्त खटपट करून सुलतानने नाद सोडला. मग गजांकडे पाठ करून तो काठ्यांशी खेळत बसला. खेळता खेळता दोन्ही एका रेषेत आल्या, तशी त्याने बारीक काठी जाड काठीच्या पोकळीत खुपसली आणि लगेच गजांकडे धावला. केळं हाती आलं!

त्याआधी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइकने मांजरांवरच्या प्रयोगांतून 'प्रयत्न-प्रमाद' पद्धत मांडली होती: चुकतमाकत, हळूहळू शिकणं. कोहलरला इथे वेगळं काही दिसलं. सुट्या वस्तूंमधला संबंध एकदम उमगला होता. त्याने त्याला जर्मनमध्ये 'आइनझिख्ट' म्हटलं. त्याचं पुस्तक १९१७ मध्ये आलं, १९२५ मध्ये इंग्रजीत गेलं आणि 'आइनझिख्ट'ची 'इनसाइट' झाली. आपल्याकडे बी.एड. केलेल्यांना हीच 'मर्मदृष्टी उपपत्ती' म्हणून पाठ असते.

मनोविकारशास्त्रात 'इनसाइट' म्हणजे आपण आजारी आहोत याची रुग्णाला असलेली जाण. विपश्यनेलाही इंग्रजीत 'इनसाइट मेडिटेशन' म्हणतात. इगतपुरीच्या धम्मगिरीमुळे ती महाराष्ट्राच्या चांगल्या परिचयाची आहे. तिन्ही ठिकाणी आधीपासून समोर असलेलंच नव्याने दिसतं.

म्हणून पावसाची आकडेवारी नीट मांडणारा लेख 'इन्फॉर्मेटिव्ह'. त्याच आकड्यांवरून धरण भरलेलं असूनही गावाला टँकर का लागतो, हे उलगडून दाखवणारा लेख 'इनसाइटफुल'. इंग्रजीत हे विशेषण माणसालाही लागतं आणि लेखनालाही. मराठीत मी लेखाला 'मर्मग्राही' म्हणतो आणि समीक्षकाला 'मर्मज्ञ'.