दरी वाढली की शेजारचाच डोळ्यात खुपायला लागतो

नाशिकमध्ये सातपूर नाहीतर अंबड एमआयडीसीच्या बाहेर कुठल्याही चहाच्या टपरीवर थोडा वेळ थांबलात तर "बाहेरच्यांनी सगळी कामं खाल्ली" हे वाक्य कानावर पडतंच. बोलणारा माणूस वाईट असतो असं अजिबात नाही, बऱ्याचदा तो वर्षानुवर्षं ठेकेदाराकडे राबूनही परमनंट न झालेला असतो, आणि त्याच लाइनवर तेच काम करणारा परमनंट कामगार त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त पगार घेत असतो. म्हणजे दुखणं आहे ते खरंच आहे. पण राग निघतो तो बिहारहून आलेल्या पोरावर, जो त्याच्यापेक्षाही कमी पैशात राबतोय. २००८ च्या फेब्रुवारीत तर इथलं वातावरण एवढं बिघडलं की हजारो उत्तर भारतीय कामगार नाशिक सोडून गावी निघून गेले.

हा राग नेमका खालच्याच दिशेला का वळतो?

आपले ते चांगले आणि बाकीचे जरा कमीच, ही स्वसमूहकेंद्री वृत्ती अमेरिकन समाजशास्त्रज्ञ विल्यम ग्रॅहम समनर यांनी १९०६ मध्येच सविस्तर मांडली होती. पुढे १९७० च्या सुमारास मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांनी ब्रिस्टलमधल्या शाळकरी मुलांचे अगदी फालतू कारणावरून दोन गट पाडले, कुणाला क्ले या चित्रकाराची चित्रं आवडतात आणि कुणाला कँडिन्स्कीची, बस एवढंच. तरी पैसे वाटायची वेळ आली तेव्हा मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं, आणि बऱ्याचदा आपल्याला थोडं कमी मिळालं तरी चालेल पण त्यांच्यापेक्षा जास्त मिळालं पाहिजे असाच हिशोब केला. महत्त्व किती मिळालं याला नव्हतं, फरक किती राहिला याला होतं.

आता यात विषमता घाला. अर्थतज्ज्ञ कुझिएम्को आणि सहकाऱ्यांचा २०१४ चा एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. खेळाडूंना पैशाच्या क्रमाने उभं केलं, प्रत्येकात एकेका डॉलरचा फरक. मग प्रत्येकाला दोन डॉलर दिले आणि सांगितलं, हे तुझ्या लगेच वरच्याला दे नाहीतर लगेच खालच्याला दे, स्वतःकडे ठेवायचे नाहीत. खालच्याला दिले की तो आपल्या पुढे जाणार. बहुतेक लोक तरीही खालच्याला देतात, पण शेवटून दुसरा जो असतो तो मात्र हात आखडता घेतो, कारण खालचा पुढे गेला तर शेवटी उरणार तो स्वतः. त्याच संशोधकांना अमेरिकेत असंही दिसलं की किमान वेतन वाढवायला जास्त विरोध किमान वेतनापेक्षा किंचित जास्त कमावणाऱ्यांचा असतो. टपरीवरचं ते वाक्य मला याच जागेवरून आलेलं वाटतं.

देशांच्या पातळीवरही असंच काहीसं दिसतं. राज्यशास्त्राचे अभ्यासक फ्रेडरिक सोल्ट यांनी २०११ मध्ये दाखवलं की जिथे आर्थिक विषमता जास्त तिथे राष्ट्राभिमानही जास्त आढळतो, आणि त्यांचं म्हणणं असं की दरीवरून लक्ष उडवायला तो सत्तेच्या कामी येतो. २०१७ चा २७ देशांचा एक अभ्यास आहे, त्यात विषमता आणि हिंसा जास्त असलेल्या समाजांत गटागटांची उतरंड असायलाच हवी असं मानणारे जास्त सापडले. आता हे सगळं सहसंबंधाचं, कारण कोणतं आणि परिणाम कोणता हे यातून पक्कं ठरत नाही हे मान्य, पण प्रयोगशाळा आणि आकडेवारी एकाच बाजूला बोट दाखवतात तेव्हा ते गंभीरपणे घ्यावं असं मला मनापासून वाटतं. कारण आपल्याकडचीही दरी लहान नाही, वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅब या संशोधन संस्थेच्या हिशोबाने २०२२-२३ मध्ये भारतातल्या वरच्या १ टक्का लोकांकडे देशातली ४०.१ टक्के संपत्ती होती.

असा राग बऱ्याचदा अल्पसंख्याकांवरही निघतो, पण अल्पसंख्याक म्हणजे कुणी वेगळीच जमात नव्हे. केंद्राच्या यादीत मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, पारशी आणि २०१४ पासून जैन असे सहा समाज आहेत, पण २००२ च्या टी. एम. ए. पै खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की धार्मिक असो वा भाषिक, अल्पसंख्याक कोण हे राज्यानुसार बघायचं, म्हणजे नाशिकचा मराठी माणूस बेळगावात राहायला गेला की तोही अल्पसंख्याकच.

मग उपाय? नुसतं एकत्र आणून भागत नाही. मॅट लोव या अर्थतज्ज्ञांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत क्रिकेटच्या स्पर्धा भरवल्या, त्यात वेगवेगळ्या जातींची पोरं एकाच टीममध्ये खेळली तिथे जातीबाहेरच्या मैत्र्या वाढल्या, पण जिथे ती एकमेकांविरुद्ध खेळली तिथे उलटंच झालं. गौतम राव या अर्थतज्ज्ञांनी दिल्लीच्या खासगी शाळा बघितल्या, तिथे गरीब मुलं वर्गात आली तसतशी श्रीमंत मुलं जास्त उदार झाली आणि भेदभावही कमी करायला लागली.

म्हणूनच आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत गरीब आणि वंचित मुलांसाठी राखून ठेवलेल्या २५ टक्के जागांकडे मी फक्त गरिबांची सोय म्हणून बघत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळांना यातून सूट दिली होती, मुंबई हायकोर्टाने जुलैमध्ये तो बदल रद्द केला. तो टिकला असता तर नाशिकच्या सुखवस्तू गंगापूर रोडच्या मुलांनी आणि सातपूरच्या कामगारांच्या मुलांनी एका बाकावर बसायची जी थोडीफार शक्यता आहे तीही गेली असती.