‘आमच्याकडे झोप सावधच’: दुखणं रक्तातलं की वळणातलं?

नवी मुंबईतल्या ऐरोली-घणसोलीकडे झोपेचा विषय निघाला की ‘आमच्याकडे झोप सावधच’ हे वाक्य हमखास येतं. दुखणं घराण्यातलं म्हणजे इलाज नाही, असा त्याचा अर्थ लावला जातो.

जनुकांची बाजू पोकळ नाही. १९७१ मध्ये फळमाशीत झोपेजागेचं घड्याळ बिघडवणारे जनुकातले बदल सापडले. माणसातलं तसं जनुक २००१ मध्ये हाती लागलं; ते ज्या घराण्यात सापडलं, तिथली माणसं संध्याकाळी साडेसातच्या सुमारास झोपायची आणि पहाटे साडेचारला टक्क जागी व्हायची. पण अशी घराणी मोजकी. नेहमीच्या निद्रानाशाला तसं एक जनुक नाही. २०१९ मध्ये तेरा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीतून जनुकसंचातल्या २०२ जागा निघाल्या, एकेकीचा परिणाम किरकोळ.

खरा घोळ ‘आनुवंशिकता’ या शब्दाचा. जुळ्यांच्या अभ्यासांवरून निद्रानाशाची आनुवंशिकता ४० टक्क्यांच्या आसपास सांगतात. वाचणारा समजतो, माझी ४० टक्के जाग आईवडिलांकडून आली. तसं अजिबात नाही. एका समाजातल्या माणसामाणसांत झोपेचा जो फरक दिसतो, त्यातला किती जनुकांतल्या फरकाशी जुळतो, एवढंच हा आकडा सांगतो. उद्या सगळ्यांना एकसारखी रात्रपाळी लावली, तर परिस्थितीतला फरक घटेल आणि आकडा वाढेल. झोप सगळ्यांचीच उडालेली असेल, जनुकं मात्र तीच. एकट्या माणसाबद्दल हा आकडा काहीच सांगत नाही, आणि इलाजाबद्दल तर मुळीच नाही.

वळणाची बाजू १९७२ पासून पुढे आली: झोप लागत नसेल तर अंथरुणातून उठा, नाहीतर अंथरूणच जागं राहण्याची जागा होऊन बसतं. १९८७ मध्ये मांडणी झाली की मूळची ठेवण, निमित्त आणि दुखणं टिकवणाऱ्या सवयी, हे तिन्ही वेगळे. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या वैद्यकीय मार्गदर्शनात गोळीआधी सवयी-विचारांवरचे उपचार आले. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत उपयोगी टप्पा हाच.

आता ठाणे-बेलापूर पट्ट्यातलं दोन खोल्यांचं घर बघा. वडिलांची पहिली पाळी, साडेचारचा गजर. पाठोपाठ नळाला पाणी, मग डब्यासाठी कुकरची शिट्टी. त्याच खोलीत झोपलेल्या मुलाची वीस वर्षं अशी जातात. पुढे तो तक्रार घेऊन गेला की विचारतात, घरात आणखी कुणाला आहे? तो सांगतो, वडिलांना. कागदावर ‘आनुवंशिक’ लिहिलं जातं. वडिलांची पाळी कोणती होती, हे विचारायचं राहून जातं.