मार्कअप मानके : काटेकोर आणि शिथिल

वेबपान ज्या टॅगांनी, म्हणजे कोनी कंसांतल्या खुणांनी, बांधले जाते त्यांचे नियम किती कडक असावेत, आणि ते मोडले तर ब्राउझरने काय करावे, यासंबंधीची निवड. वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेच्या एचटीएमएल ४.०१ (१९९९) या मार्कअप भाषेच्या आवृत्तीत स्ट्रिक्ट, ट्रान्झिशनल आणि फ्रेमसेट असे तीन प्रकार होते. फॉन्ट, सेंटर यांसारखे निव्वळ दिसण्यापुरते टॅग ट्रान्झिशनलमध्ये चालत. स्ट्रिक्टमध्ये ते काम सीएसएसवर, म्हणजे पानाचे रूप ठरवणाऱ्या वेगळ्या भाषेवर, सोपवावे लागे.

२००० साली आलेल्या एक्सएचटीएमएल १.० ने एक्सएमएल या काटेकोर मार्कअप भाषेची शिस्त आणली. प्रत्येक टॅग बंद हवा, नावे लहान लिपीत हवीत, ॲट्रिब्यूटचे (टॅगला जोडलेल्या गुणधर्माचे) मूल्य अवतरणात हवे. इथवर तक्रारीला जागा नाही. अडचण पुढे होती : एक्सएमएलच्या नियमानुसार रचनेतली चूक दिसताच पार्सरने (ब्राउझरच्या मार्कअप वाचणाऱ्या भागाने) थांबायचे. एखाद्या दुव्यातले अँपरसँड (&) चिन्ह योग्य संकेतात लिहायचे राहिले, की फायरफॉक्समध्ये लेखाऐवजी पिवळ्या पार्श्वभूमीवरची त्रुटीसूचना येई. चूक लिहिणाऱ्याची आणि शिक्षा वाचणाऱ्याला, हे मुळातच अन्यायाचे होते. शिवाय इंटरनेट एक्सप्लोरर नवव्या आवृत्तीपूर्वी एक्सएचटीएमएलचा खरा माइम प्रकार (फाइल कोणत्या जातीची हे ब्राउझरला सांगणारी खूण) ओळखतच नसे. त्यामुळे बहुतेक संकेतस्थळे ही पाने साध्या एचटीएमएलच्या नावाने पाठवत, ब्राउझर ती शिथिलपणेच वाचत आणि काटेकोरपणा डॉक्टाइपच्या, म्हणजे पानाच्या आरंभी मानक सांगणाऱ्या, ओळीपुरता उरे.

ॲपल, मोझिला आणि ऑपेरा यांच्या पुढाकाराने २००४ मध्ये स्थापन झालेल्या व्हॉटडब्ल्यूजी या गटाने वेगळी वाट धरली. तिथून घडलेल्या एचटीएमएल ५ मध्ये चुकीचे मार्कअप कसे वाचायचे हेही पायरीपायरीने ठरवून दिले आहे. ठळक अक्षरांच्या ‘बी’ टॅगमध्ये तिरप्या अक्षरांचा ‘आय’ उघडला आणि ‘बी’ आधी बंद केला, तर ठळकपणा तिथे संपतो, तिरपेपणा मात्र पुढे चालू राहतो. पूर्वी अशा चुकीतून प्रत्येक ब्राउझर आपापल्या परीने वाट काढी; आता सर्वांना एकच रचना मिळते. हेच या मानकाचे सर्वांत मोठे काम.

म्हणून शिथिल म्हणजे बेफिकीर नव्हे. एचटीएमएलमध्ये पानाचा विभाग करणाऱ्या ‘डिव्ह’ टॅगच्या शेवटी तिरपी रेघ देऊन तो बंद झाला असे मानले, तर ब्राउझर ती रेघ दुर्लक्षितो आणि पुढचा मजकूर त्याच डिव्हच्या पोटात जातो. मार्कअप तपासणारा व्हॅलिडेटर ही चूक दाखवतो, म्हणून तो वापरावाच. ई-पुस्तकांच्या ईपब ३ या मानकात मात्र पाने आजही एक्सएमएलच्याच शिस्तीत लिहावी लागतात.